सागर, आकाश आणि मार्गनिर्देशनाची विद्या

(सागरी जिल्ह्यांतील शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जमिनीवरून प्रवास करणाऱ्या माणसाला वाट विचारता येते. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड असतो, वेशीवर गावाच्या नावाची पाटी असते आणि यांपैकी काहीच नसले तर चार पावले मागे फिरून योग्य फाटा शोधता येतो. सागरावर आणि आकाशात यातले काहीही नसते. पाण्यावर उमटलेली जहाजाची रेघ काही क्षणांत पुसली जाते, तर हवेत विमानाची खूणही राहत नाही. अशा ठिकाणी शेकडो माणसे आणि हजारो टन माल घेऊन ठरलेल्या बंदरात वा ठरलेल्या धावपट्टीवर सुखरूप पोहोचणे ही मानवाने शतकानुशतकांच्या अनुभवातून घडवलेली एक विद्या आहे. तिला मार्गनिर्देशन असे म्हणतात.

जहाज अथवा विमान चालवणे आणि त्याचा मार्ग ठरवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. सुकाणू हाती धरणारा सुकाणी कितीही तरबेज असला तरी आपण कोठे आहोत हे ठाऊक नसेल, तर त्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते. म्हणून मार्गनिर्देशकासमोर अहोरात्र तीन प्रश्न असतात. आपण आता कोठे आहोत? इच्छित स्थळ कोणत्या दिशेस आहे? आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल? यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत कठीण. सागरावरील आणि आकाशातील कित्येक मोठ्या दुर्घटनांचे मूळ या पहिल्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरात सापडते.

किनाऱ्याच्या खुणा

या विद्येचा पहिला पाठ किनाऱ्यानेच शिकवला. कोकणातील अनुभवी तांडेल समुद्रातून किनाऱ्याकडे पाहताना एकाच खुणेवर विसंबत नाही. जवळचे एखादे देऊळ आणि त्यामागच्या डोंगराचे शिखर एका रेषेत आले की आपली होडी त्या रेषेवर कोठेतरी आहे एवढे त्याला कळते. परंतु रेषा लांब असते. तिच्यावर होडी नेमकी कोठे आहे हे त्या एका जोडीवरून सांगता येत नाही. त्यासाठी तो दुसऱ्या बाजूची आणखी एक जोडी पाहतो. या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे त्याची होडी असते. पाण्याखालच्या खडकाची जागा आणि मासळीची जागा त्याच्या ध्यानात राहते ती याच हिशेबाने. जहाजावरील अधिकारी होकायंत्राच्या साह्याने दोन दीपगृहांची दिशा घेऊन सागरी नकाशावर दोन रेषा आखतो, तेव्हा तोही हेच करीत असतो. तिसरी रेषा त्याच बिंदूतून गेली तर त्याचे समाधान होते; न गेल्यास कोठेतरी चूक आहे असे समजून तो पुन्हा निरीक्षण करतो.

रात्री ही खूण दीपगृह देते. प्रत्येक दीपगृहाचा दिवा ठराविक क्रमाने व ठराविक अंतराने लुकलुकतो आणि हा क्रम सागरी नकाशावर नोंदलेला असतो. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर १८६७ मध्ये आणि कुलाब्याच्या दक्षिणेस खडकांच्या रांगेवर १८७५ मध्ये दीपगृहे उभी राहिली ती याच हेतूने. दिवा दिसला एवढ्याने भागत नाही. तो कोणता दिवा आहे, हे घड्याळ हाती धरून त्याची उघडझाप मोजल्यावरच निश्चित मानायचे असते.

डोळ्यांना काही दिसत नसेल तर पाण्याची खोली साक्ष देते. दोरीच्या टोकाला शिसे बांधून ते पाण्यात सोडायचे आणि किती वाव पाणी आहे ते मोजायचे, ही रीत फार जुनी आहे. शिशाच्या तळाच्या खळग्यात चरबी भरलेली असे. तिला वाळू चिकटली की चिखल, यावरूनही जागेचा अंदाज येई. आज हे काम ध्वनिलहरी करतात.

बंदरात शिरताना मात्र नकाशा आणि यंत्रे यांच्या जोडीला स्थानिक जाणकार लागतो. भरती-ओहोटीमुळे मुंबई बंदरातील पाण्याची पातळी दिवसातून दोनदा वरखाली होते आणि उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरहूनही अधिक असतो. गाळ साचतो, प्रवाह बदलतात, मासेमारी नौकांची वर्दळ असते. म्हणून बाहेरून येणाऱ्या मोठ्या जहाजावर बंदराचा पायलट चढतो. भर लाटांत छोट्या लाँचवरून दोराच्या शिडीने जहाजावर चढणे हे त्याचे रोजचे काम होय. विमानचालकाला आपण आज पायलट म्हणतो. तथापि हा शब्द मुळात जहाजाच्या या वाटाड्याचा आहे.

स्थानिक ज्ञानाचे मोल इतिहासानेही नोंदले आहे. १४९८ मध्ये वास्को द गामाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मलिंदी येथून एक वाटाड्या सोबत घेतला आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या साह्याने अवघ्या २३ दिवसांत अरबी समुद्र ओलांडला. परतताना मात्र त्याने वाऱ्यांचा काळ जुमानला नाही. गोव्याच्या दक्षिणेस असलेल्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या आरंभी निघालेल्या त्याच्या ताफ्यास तोच समुद्र ओलांडण्यास सुमारे तीन महिने लागले. रक्तपितीने इतके खलाशी दगावले की पुढे एक जहाज चालवण्यास माणसे उरली नाहीत आणि ते जाळून टाकावे लागले. दोन्ही वेळी समुद्र तोच होता, जहाजेही तीच होती. फरक होता तो वाऱ्याचे वेळापत्रक जाणण्याचा.

तारे आणि घड्याळ

किनारा दिसेनासा झाला की मार्गनिर्देशक आकाशाकडे वळतो. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, जवळजवळ तितकेच त्या ठिकाणचे अक्षांश असतात. मुंबईहून तो सुमारे १९ अंशांवर, नागपुराहून २१ अंशांवर, तर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून सुमारे १६ अंशांवर दिसतो. अरबी समुद्रात वावरणारे दर्यावर्दी यासाठी लाकडाची एक लहानशी फळी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी वापरीत. या साधनाचे नाव कमल. दोरीचे टोक दातांत धरायचे, फळीची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि वरच्या कडेवर तारा येईपर्यंत ती पुढेमागे करायची. कितव्या गाठीपाशी तारा जुळला, यावरून कोणत्या बंदराच्या समांतर आपण आलो हे त्यांना कळे.

अक्षांशांचा प्रश्न असा सुटला, तरी रेखांशांचा प्रश्न पुढे कित्येक शतके सुटला नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून मूळ ठिकाणची वेळ आणि आपण आहोत तेथील सूर्याची वेळ यांतील फरक कळला, की रेखांशांतील फरक निघतो. हे तत्त्व विद्वानांना ठाऊक होते. पण हेलकावणाऱ्या जहाजावर अचूक चालेल असे घड्याळ नव्हते. १७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराचा एक ताफा आपल्या जागेविषयीच्या चुकीच्या समजामुळे सिली बेटांच्या खडकांवर आदळला. चार जहाजे बुडाली आणि चौदाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांश शोधण्याच्या खात्रीलायक पद्धतीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. हा प्रश्न सोडवला तो जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या स्वयंशिक्षित घड्याळजीने. त्याचे चौथे घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या प्रवासावर पाठवण्यात आले. ८१ दिवसांच्या अखेरीस त्यात अवघ्या ५ सेकंदांच्या आसपास चूक आढळली.

हा काटेकोरपणा का हवा, हे साध्या गणिताने ध्यानात येईल. घड्याळात ४ सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एका कलेची चूक. विषुववृत्तावर एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. घड्याळ एक मिनिट चुकले, तर जहाज आपल्या कल्पित जागेपासून १५ सागरी मैल दूर असू शकते. काळोख्या रात्री एवढी चूक जहाजाला खडकावर नेण्यास पुरेशी होते.

आकाश ढगाळलेले असेल तर उरतो तो केवळ हिशेब. कोणत्या दिशेने, किती चालीने आणि किती वेळ गेलो, यावरून जागा काढायची. पूर्वी जहाजाची चाल मोजण्यासाठी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडीत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजीत. ताशी एक सागरी मैल या चालीला आजही नॉट, म्हणजे गाठ, असे म्हणतात ते यामुळे. या हिशेबाचा दोष असा की त्यातील चूक तासागणिक वाढत जाते. म्हणून संधी मिळताच तारा, दीपगृह अथवा पाण्याची खोली यांच्याशी तो पडताळून घ्यावा लागतो.

आकाशातील वाट

विमान आले तेव्हा वैमानिकांनी ही सारी विद्या दर्यावर्दींकडूनच उचलली. त्यांचा नॉट, त्यांचा सागरी मैल आणि त्यांचे होकायंत्र विमानात आले. मात्र आकाशाने त्यांच्यापुढे एक नवी अडचण ठेवली. जहाज संशय येताच चाल कमी करू शकते, नांगर टाकून उजाडण्याची वाट पाहू शकते. विमानाला आकाशात थांबता येत नाही, आणि त्याच्या टाकीतील इंधन प्रत्येक मिनिटाला कमी होत असते. मार्गनिर्देशकाला विचार करण्यास मिळणारा वेळ त्यामुळे फार थोडा असतो.

दुसरी अडचण वाऱ्याची. पुराच्या पाण्यात नाव घालणारा नावाडी समोरच्या धक्क्यावर नाव रोखत नाही. तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला नाव रोखतो, तेव्हा कोठे ती धक्क्याला लागते. वैमानिकालाही हेच करावे लागते. ताशी १२० नॉट वेगाने जाणाऱ्या विमानावर २० नॉटचा आडवा वारा असेल, तर विमानाचे नाक सुमारे १० अंश वाऱ्याकडे वळवून धरावे लागते. तसे न केल्यास तासाभरात ते ३७ किलोमीटर बाजूला गेलेले असेल. दिशेतील लहान चूकही अंतराबरोबर वाढते. ६० मैलांच्या प्रवासात एक अंशाची चूक म्हणजे एक मैलाचे अंतर, असा वैमानिकांचा ढोबळ आडाखा आहे. मुंबई ते नागपूर या हवाई प्रवासात एका अंशाची चूक विमानाला सुमारे १२ किलोमीटर दूर नेईल.

भारतातील पहिल्या वैमानिकांना या अडचणींना जवळजवळ रिकाम्या हातांनी तोंड द्यावे लागले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराची सोडली आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईत जुहू येथे उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे मद्रासकडे नेले. विमानात रेडिओ नव्हता आणि वाटेवर मार्गदर्शक यंत्रणा नव्हती. रेल्वेचे रूळ, नद्यांची वळणे आणि किनारपट्टी यांच्या आधारे वाट काढायची होती. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची चिखलवट होती. पावसाळ्यात ती निकामी होई. तेव्हा सारा कारभार पुण्यास येरवडा तुरुंगालगतच्या एका मैदानावर हलवावा लागे. भारतातील नागरी विमानवाहतुकीचा पाया अशा परिस्थितीत घातला गेला.

पुढे रेडिओसंकेत, रडार आणि जडत्वावर चालणारी यंत्रणा यांनी वैमानिकाचे काम सुकर केले. लांब पल्ल्याच्या विमानात पूर्वी मार्गनिर्देशक हा स्वतंत्र अधिकारी असे. तो काचेच्या घुमटातून ताऱ्यांचे कोन मोजीत असे. १९७० नंतरच्या दशकात प्रवासी विमानांतील त्याची जागा हळूहळू यंत्रांनी घेतली.

उपग्रहांचे युग

१ सप्टेंबर १९८३ रोजी अलास्कातील अँकरेज येथून सोलकडे निघालेले एक कोरियन प्रवासी विमान आपल्या मार्गापासून शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले आणि त्यातील २६९ माणसे मृत्युमुखी पडली. विमानातील स्वयंचालकाची जोड मार्गनिर्देशन यंत्रणेशी झालीच नव्हती, ते केवळ होकायंत्राच्या एका दिशेने उडत राहिले आणि हे चालकांच्या ध्यानात आले नाही, असा निष्कर्ष पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या चौकशीतून निघाला. या दुर्घटनेनंतर अमेरिकेने आपली उपग्रहाधारित मार्गनिर्देशन यंत्रणा, म्हणजे जी.पी.एस., पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली ठेवण्याचे जाहीर केले. आज प्रत्येक भ्रमणध्वनीत असलेल्या या सोयीमागे असा इतिहास आहे.

उपग्रह यंत्रणेचे तत्त्व पाहिले तर ते हॅरिसनच्या घड्याळाचेच वंशज आहे. प्रत्येक उपग्रहात एक अणुघड्याळ असते. उपग्रहाचा संकेत आपल्यापर्यंत येण्यास किती वेळ लागला, यावरून त्याचे अंतर निघते आणि निदान चार उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा ठरते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक येथे ३०० मीटरांची चूक ठरते. भारतानेही या क्षेत्रात पाऊल टाकले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने १ जुलै २०१३ रोजी आपल्या प्रादेशिक यंत्रणेचा पहिला उपग्रह सोडला. २०१६ मध्ये तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. त्या पहिल्या उपग्रहातील परदेशी बनावटीची तिन्ही अणुघड्याळे पुढे बंद पडली. हा अनुभव गाठीशी बांधून, २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात देशी बनावटीचे अणुघड्याळ बसवण्यात आले. विमानांसाठी उभारलेल्या ‘गगन’ या यंत्रणेच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे प्रवासी कंपनीचे एक विमान यशस्वीपणे उतरवण्यात आले. धावपट्टीवर महागडी यंत्रणा नसलेल्या लहान विमानतळांना तिचा मोठा उपयोग आहे.

एकाच साक्षीवरचा भरवसा

यंत्रे इतकी अचूक झाली, मग माणसाच्या दक्षतेची गरज उरली आहे काय? या प्रश्नाचे उत्तर दोन घटना देतात.

जून १९९५ मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनकडे निघाले. त्यावर पंधराशेहून अधिक माणसे होती. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात उपग्रहसंकेत घेणाऱ्या अँटेनाची तार निसटली. यंत्र बंद पडले नाही. ते निमूटपणे चाल आणि दिशा यांच्या हिशेबावर जागा दाखवू लागले. पडद्यावर त्याची लहानशी सूचना होती. ती कोणी पाहिली नाही. प्रवाह आणि वारा जहाजाला बाजूला ढकलत होते, आणि पडद्यावरचा बिंदू मात्र ठरलेल्या रेषेवरून सरळ चालला होता. स्वतंत्र असे दुसरे यंत्र जहाजावर होते, पण त्याच्याशी पडताळा घेतला गेला नाही. वाटेतील एक बोया ठरल्या जागी रडारवर दिसला, तेव्हा तो आपलाच असे गृहीत धरले गेले. दुसरा दिसलाच नाही, तरी कोणास शंका आली नाही. प्रवासास निघाल्यापासून सुमारे ३४ तासांनी जहाज नँटकेट बेटाजवळच्या वाळूत रुतले. त्या वेळी ते आपल्या कल्पित जागेपासून १७ मैल दूर होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

दुसरी घटना याहून गंभीर असून कार्यालयात बसून काम करणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी अशी आहे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी न्यूझीलंडचे एक विमान पर्यटकांना अंटार्क्टिका दाखवण्यासाठी निघाले. चालकांना आधी जो मार्ग समजावून सांगितला होता, तो समुद्राच्या एका रुंद खाडीवरून जात होता. निघण्याच्या आदल्या रात्री विमान कंपनीच्या कार्यालयात संगणकातील एका ठिकाणाचे आकडे दुरुस्त करण्यात आले. नवा मार्ग थेट एरेबस या सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या पर्वतावरून जात होता. दुरुस्ती करणाऱ्यांच्या दृष्टीने ती किरकोळ होती; चालकांना ती कळवली गेली नाही. वर पांढरे ढग आणि खाली पांढरे बर्फ यांच्यामध्ये समोरचा चढ दिसेनासा झाला होता. आपण खाडीवर आहोत या समजुतीत खाली उतरलेले विमान पर्वताच्या उतारावर आदळले. २५७ माणसांपैकी एकही वाचला नाही. पहिल्या चौकशीने चालकांना दोष दिला. १९८१ मध्ये न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या आयोगाने मात्र मुख्य कारण म्हणून बोट ठेवले ते न कळवता केलेल्या त्या बदलावर. २०१९ मध्ये, चाळीस वर्षांनी, न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी मृतांच्या कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली.

या दोन्ही ठिकाणी यंत्रे सांगितलेले काम करीत होती. उणीव होती ती दुसऱ्या साक्षीची. पहिल्या घटनेत ती हाताशी असूनही विचारली गेली नाही. दुसऱ्या घटनेत ती विचारण्याची गरज आहे हे ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांना कळवलेच गेले नाही.

आपल्या दाराशीही असा धडा मिळाला आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी, सकाळच्या उजेडात, मुंबई बंदराच्या मार्गात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल पाण्यात गेले, कंटेनर वाहू लागले, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. खारफुटीला तेल लागले आणि मासळीच्या बाजारावर त्याचा परिणाम झाला. आपली जागा जाणणे जितके आवश्यक, तितकेच समोरून येणाऱ्याचा इरादा वेळेवर जाणून घेणेही आवश्यक असते.

शिक्षण आणि शिस्त

ही विद्या भारतीयांच्या हाती सहजासहजी आली नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे भारतीय मालकीचे जहाज मुंबईहून लंडनच्या प्रवासास निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्यासारख्या उद्योजकांनी स्थापन केलेल्या सिंदिया कंपनीचे हे धाडस होते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून देशात राष्ट्रीय नौकानयन दिन साजरा होतो. जहाजे भारतीयांची झाली, तरी त्यांवर अधिकारी म्हणून भारतीय तरुण असावेत यासाठी प्रशिक्षणाची सोय हवी होती. ती १९२७ मध्ये मुंबईच्या बंदरात ‘डफरिन’ या जहाजावर सुरू झाली. १९७२ मध्ये तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून हे शिक्षण नवी मुंबईतील ‘चाणक्य’ या संस्थेत देण्यात येऊ लागले.

या शिक्षणात आजही विद्यार्थ्याच्या हाती सेक्स्टंट दिले जाते. उपग्रह असताना तारे कशासाठी, असे काहींना वाटेल. अमेरिकेच्या नौदल अकादमीलाही तसे वाटले होते. तिने १९९० नंतरच्या दशकात ताऱ्यांवरून मार्गनिर्देशनाचा अभ्यासक्रम बंद केला. मात्र २०१५ मध्ये तो पुन्हा सुरू केला. उपग्रहांचे संकेत क्षीण असतात. ते दडपता येतात, इतकेच नव्हे तर त्यांची नक्कल करून खोटी जागाही दाखवता येते. अलीकडच्या वर्षांत युद्धक्षेत्रांच्या आसपास विमानांना व जहाजांना याचा अनुभव वारंवार आला आहे. ताऱ्याची नक्कल करणे मात्र कोणास शक्य नाही.

शिक्षणाचा दुसरा भाग स्वभावाचा आहे. जहाजाच्या आणि विमानाच्या चालनकक्षात आता असे शिकवले जाते की कनिष्ठाने शंका आल्यास ती स्पष्ट शब्दांत बोलून दाखवावी आणि वरिष्ठाने ती अपमान न समजता ऐकून घ्यावी. नियंत्रण कक्षाची सूचना मिळाली की वैमानिक ती जशीच्या तशी उच्चारून दाखवतो. ऐकण्यात चूक झाली असेल तर तेथेच पकडली जाते. शासकीय कामकाजातही या सवयीचे अनुकरण करण्याजोगे पुष्कळ आहे.

किनाऱ्यावरील गावांसाठी

हा विषय मोठ्या जहाजांचा व विमानांचा आहे, आपला नव्हे, असे समजण्याचे कारण नाही. पालघर जिल्ह्यातील अनेक खलाशी गुजरातच्या मासेमारी नौकांवर काम करतात. तेथून जवळच भारत व पाकिस्तान यांची सागरी हद्द आहे. पाण्यावर तिची रेघ आखलेली नसते. मासळीच्या मागे, प्रवाहाच्या ओढीने अथवा इंजिन बंद पडल्याने नौका पलीकडे गेली, की खलाशी पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. मागे राहिलेल्या कुटुंबाचा कर्ता माणूस हरवतो. इंजिन बंद पडलेली नौका ताशी दोन किलोमीटरच्या प्रवाहात दहा तास वाहत राहिली, तर ती वीस किलोमीटर दूर गेलेली असते, आणि शोध घेणाऱ्यांना तेवढा समुद्र पालथा घालावा लागतो.

म्हणून किनाऱ्यावरील ग्रामपंचायती व मच्छीमार सहकारी संस्था यांना काही गोष्टी सहज करता येतील. नौका केव्हा निघाली, कोणत्या दिशेस गेली, किती माणसे आहेत व केव्हा परतणार याची नोंद किनाऱ्यावर ठेवावी. तांडेलाच्या हाती उपग्रहाधारित यंत्र असले, तरी साधे होकायंत्र व ते वाचता येणारा निदान आणखी एक खलाशी नौकेवर असावा. भ्रमणध्वनीचा संपर्क किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तुटतो, हे गृहीत धरून चालावे. संकटसमयी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरोघरी ठाऊक असावा. वृद्ध तांडेलांना ठाऊक असलेल्या खडकांच्या, वाऱ्यांच्या व किनाऱ्याच्या खुणा लिहून ठेवण्याचे काम तर शाळाच करू शकतील.

शिक्षकांसाठी या विद्येत अमोल शैक्षणिक साधन दडलेले आहे आणि त्यास खर्च जवळजवळ नाही. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. दोन मुठींच्या मापाने ध्रुवताऱ्याची उंची मोजली की विद्यार्थ्यांना आपल्या गावाचे अक्षांश स्वतः काढता येतात. मैदानात एक सरळ काठी रोवून तिची सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते ते नोंदवावे. मुंबईच्या शाळेने व नागपूरच्या शाळेने एकाच दिवशी हा प्रयोग केला, तर मुंबईची वेळ सुमारे २५ मिनिटांनी उशिराची येईल. चार मिनिटांस एक अंश या हिशेबाने दोन शहरांच्या रेखांशांतील सव्वासहा अंशांचा फरक मुलांच्या वहीत उतरेल. ज्या प्रश्नापायी ताफे बुडाले, तो प्रश्न एका काठीने आणि एका घड्याळाने सुटताना पाहिलेला विद्यार्थी अक्षांश-रेखांश कधी विसरणार नाही. त्यांतील एखादा उद्या जहाजाच्या चालनकक्षात उभा राहील, एखादी विद्यार्थिनी विमानाचे सारथ्य करील.

कमलची दोरी, हॅरिसनचे घड्याळ आणि अणुघड्याळाचा उपग्रह यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे. त्यांच्या वापराचा नियम मात्र बदललेला नाही. आपली जागा एका साक्षीवर निश्चित मानू नये. दुसरी, शक्य तर तिसरी साक्ष घ्यावी. त्या जुळल्या नाहीत तर पुढे जाण्यापूर्वी कारण शोधावे. आणि मार्गात केलेला प्रत्येक बदल ज्यांना त्या मार्गाने जायचे आहे त्यांना तत्काळ कळवावा. कोकणचा तांडेल देवळामागचे शिखर पाहून झाल्यावर दुसऱ्या बाजूची जोडी शोधतो, तो याच नियमाने. ही सवय किनाऱ्यावरील शाळांत आणि मच्छीमारांच्या नव्या पिढीत रुजली, तर समुद्रावर गेलेली अधिकाधिक माणसे ठरल्या वेळी घरी परततील.